हसरा दात

—नाही, बोलू नकोस. डॉक्टरांनी काय सांगितलं आत्ता? जीभ चावली जाईल, कळणारही नाही, जपा — म्हणजे बोलू नका, दुसरं काय? बस इथे. इथे, माशांच्या टाकीजवळच्या खुर्चीत. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत नको, तिचा एक पाय डुगडुगतो, आणि माणूस आधीच घाबरलेला असतो, त्यात खुर्ची हलली की उठून घरी जातो — दोन पेशंट गेलेत असे. हा टिश्यू धर. लाळ गळली तर पूस, लाजू नकोस, इथे भल्याभल्यांची गळते. ओठ जड झाला? दुसऱ्याचा वाटतोय? म्हणजे इंजेक्शन बरोबर बसलं. आता पंधरा मिनिटं. आत त्या बाईंचं रूट कॅनाल आटोपलं की तुझी दाढ. पंधरा मिनिटं तू गप्प, छोट्या. तसं तीन वर्षं तू गप्पच आहेस म्हणा. 'बरी आहेस ना ताई', 'बरी आहे', 'ठेवतो मग' — झाला फोन. लहानपणी तुझं तोंड बंद करायला आई तुझ्या हातात विणायची लोकर द्यायची गुंडाळायला. आणि आता गाल सुजून भोपळा झाला तरी मला कळवलं कोणी? तुझ्या बायकोने. 'ताई, रात्रभर कण्हताहेत, पण तुमच्या दवाखान्यात यायचं नाही म्हणतात.' का यायचं नाही? डॉक्टर काय खाणार होते तुला? बघितलंस ना — 'अरे, तुम्ही होय' म्हणाले, 'आ करा' म्हणाले, आणि टोचलं. संपलं. दात पाहिला की त्यांना माणूस दिसतच नाही.

बघ की टाकीकडे. मान वळवून जमिनीकडे काय बघतोस, फरशी तीच आहे. टाकी मात्र बघण्यासारखी आहे आता — आता सगळं मी बघते. हो, मी! जी मासा म्हटलं की पदर नाकाला लावायची, ती. ते बघ, दोन हीटर. एक मोठा नाही, दोन लहान, एक या टोकाला, एक त्या टोकाला. का? तर एक बंद पडला, तर दुसरा निदान ऊब धरून ठेवतो. आणि एक चालूच राहिला, अडकला, बंदच होईना, तर? तर लहान असल्यामुळे त्याच्या एकट्याच्यानं एवढं पाणी उकळत नाही. लोकांना वाटतं हीटर बिघडला म्हणजे बंद पडला. बंद पडला तर मासे गारठतात, सुस्तावतात, पण दिवस-दोन दिवस तग धरतात, तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात येतं. खरा घात करतो तो चालू राहिलेला. मग ही डबी बघ, भिंतीवरची — हिची तार पाण्यात सोडलीय. पाणी ठरल्यापेक्षा तापलं की ही आपणहून वीज तोडते. हीटरला स्वतःचं बटण असतंच, पण त्याच्यावर विसंबायचं नाही. चोराच्या हाती तिजोरीची किल्ली कशाला? आणि थर्मामीटर हीटरपासून लांब, पार त्या टोकाला. हीटरच्या कुशीत लावला तर तो नेहमी छानच सांगणार. वायर बघ, सॉकेटच्या खाली एक झोका घेऊन मग वर गेलीय — पाणी ओघळलं तरी झोक्याशी थेंब गळून पडतो, प्लगात शिरत नाही. आणि पाणी बदलताना आधी प्लग काढायचा, मग पंधरा मिनिटं थांबायचं, मगच पाण्याला हात. नाहीतर पाणी उतरतं, तापलेली काच उघडी पडते, आणि फटकन्...

हसतोस काय? का हसतोस ते कळलं मला. हे सगळं तूच सांगितलेलं. अक्षरन् अक्षर तुझंच. तू सांगत होतास तेव्हा मी अपॉइंटमेंटच्या वहीत डोकं घालून 'हं, हं' करत होते. पण आता पाठ आहे ना? या इमारतीत आता मला काय म्हणतात ठाऊक आहे? हीटरवाल्या मॅडम. दुसऱ्या मजल्यावरचे डोळ्यांचे डॉक्टर, तळमजल्यावरचे ते वकील — कोणाच्या टाकीत काही झालं की आधी मला बोलावतात. मी जाते, चष्मा लावते, 'प्लग काढा, पंधरा मिनिटं थांबा' म्हणते, आणि वकीलसाहेब, जे कोर्टात कोणाचं ऐकत नाहीत, ते प्लग काढून पंधरा मिनिटं हात बांधून उभे राहतात. तुझे भावोजी तर म्हणतात, 'घरातल्या गीझरकडे तू कधी बघितलं नाहीस, आणि लोकांचे हीटर तपासत फिरतेस.' बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात. त्यांना म्हणायला काय जातंय? झोपा तरी केला ना! काहीजणांचा बैल जातो आणि झोपाही नसतो.

तुझं कसं चाललंय? नको, नको, बोलू नकोस, मान हलव. पाण्याची फिल्टर यंत्रं बसवतोस अजून? लोकांच्या स्वयंपाकघरात? बरं आहे की. पाणी ते पाणीच. फक्त त्यात मासे नाहीत.

...नाहीत म्हणूनच बरं, नाही? बरं, ते राहू दे.

ती बघ ताटली. नवी आहे, गेल्या वर्षी आणली. आधीच्या दोघी होत्या तशाच — गोल, चपट्या, तांबूस, म्हणून मी ताटल्याच म्हणायचे, डिस्कस म्हणायला जीभ वळायची नाही. त्या डॉक्टरांच्या हातातून खायच्या, आठवतं? सकाळी आल्या आल्या बाही वर करायचे आणि मनगटापर्यंत हात पाण्यात. मुलगी परदेशी गेली तेव्हा नाही रडले रे ते, पण त्या सोमवारी... त्या सोमवारी दुपारपर्यंत एकही दात काढला नाही. पेशंट बसलेत ओळीने गाल धरून, आणि डॉक्टर आत पाठमोरे, खिडकीशी. ही नवी अजून हाताला येत नाही. ते रोज हात घालतात, ती रोज मागे सरते. तो खालचा काळा ओळखलास का? काच चाटत बसतो तो — तोच, जुनाच. त्या सगळ्यातून तो एकटा वाचला, कसा ते देवाला ठाऊक. मी त्याला साक्षीदार म्हणते. मनात. मोठ्याने नाही.

हे बघ, एक सांगायचं होतं. वर, आपल्या डोक्यावर, मुलांच्या डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना होतोय. आवाज येतोय ना ठोकाठोकीचा? त्यांना दारातच मोठी टाकी हवीय, भिंतभर, मुलं रडायची थांबावीत म्हणून. आणि ती सांभाळायला माणूस हवाय, कायमचा, जाणता. आज सकाळी आल्या होत्या खाली, आमच्या डॉक्टरांना विचारायला, 'तुमची टाकी इतकी छान, तुमच्याकडे कोण येतं?' डॉक्टर म्हणाले, 'आमच्या मॅडमच बघतात. पूर्वी एक जण यायचा, तो सोडून कोणालाही बोलवा.' मी तिथेच होते. इथेच, या टेबलाशी. तुझी अपॉइंटमेंट लिहून हातातलं पेन अजून खाली ठेवलं नव्हतं. मी काय म्हणाले? पेनचं टोपण लावलं. 'संध्याकाळपर्यंत एखादं नाव सुचवतो' म्हणाले डॉक्टर त्यांना. संध्याकाळपर्यंत.

अन्याय आहे हा, मला कळत नाही का? एका दवाखान्यातलं काम गेलं तर गेलं, पण डॉक्टरांनी वर सांगितलं, खाली सांगितलं, आणि महिन्याभरात तुझ्या सात टाक्या गेल्या. सात! चोर सोडून संन्याशाला फाशी. ...म्हणजे, चोर कोण — चोर हीटर. मी हीटरबद्दलच बोलतेय. अडकला तो हीटर, आणि शिक्षा माणसाला. एवढंच म्हणायचंय मला. तू असा बघू नकोस, तुझा अर्धाच चेहरा हलतोय, मला कळत नाही तू कसा बघतोयस ते.

पण एक मला अजून कळलं नाही, छोट्या. तीन वर्षं विचारीन विचारीन म्हणतेय. डॉक्टर तुझ्यावर ओरडले, 'हीटर जुना झालाय हे तुम्हाला कळायला नको?' आणि तू म्हणालास, 'हो, जुना झाला होता, माझंच चुकलं.' जुना कुठे होता? आठच महिने झाले होते. तू बसवलास तेव्हा खोक्यावर तारीख घातली होतीस, ते खोकं माझ्याच कपाटात होतं. मग तू 'जुना' का म्हणालास? मला वाटलं, तू घाबरलास. वाटलं, बोलाचाली नको म्हणून घेतलंस अंगावर. मी घरी जाऊन तुझ्या भावोजींना म्हणालेही, 'आमचा छोट्या पहिल्यापासून पडखाऊ.' ते म्हणाले, 'मग तू का नाही बोललीस?' मी म्हटलं, मला काय कळतंय हीटरमधलं.

किती झाली? सहा मिनिटं. ओठ चावून बघू नकोस, रक्त येईल.

तर तो दिवा. हीटरवरचा लाल दिवा. तू मला काय सांगितलं होतंस? 'ताई, तुला मासे बघायला नको, पाणी बघायला नको. सकाळ-संध्याकाळ दोन मिनिटं नुसता दिवा बघ. लागतो, विझतो. लागतो, विझतो. विझायचा थांबला की प्लग काढ आणि मला फोन कर.' एवढंच काम. पहिला महिनाभर केलंही मी. पण आता हा दवाखाना कसला आहे, सांग. दातांचा. इथे येणारा माणूस त्या खुर्चीत बसतो — तू बसलायस त्याच खुर्चीत — आणि समोर लाल दिवा, लागतोय, विझतोय. एक गृहस्थ म्हणाले, 'आत कोणाचं ऑपरेशन चाललंय का?' एक बाई म्हणाल्या, 'तो दिवा लागला की आतलं मशीन सुरू होतं, हो ना?' एकीच्या छातीत धडधडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, 'मॅडम, त्या दिव्याचं काहीतरी करा, शांत वाटावं म्हणून टाकी ठेवलीय आपण.' काहीतरी करा! आता मी काय करणार? ड्रॉवरमध्ये ती स्टिकरं होती ना, लहान मुलांना द्यायची — दात काढून घेतला, रडलं नाही, की हातावर एक चिकटवायचं. दाताचं चित्र, त्याला डोळे, आणि कानापर्यंत हसू.

बघू नकोस तसा.

लावलं एक. बाहेरून, काचेवर, बरोबर दिव्यावर. इतकं छान दिसत होतं रे! लाल दिसेना, काही नाही, पाण्यात आपला एक दात हसतोय. पेशंटही हसायचे. डॉक्टर म्हणाले, 'वा मॅडम.' तू पंधरा दिवसांनी यायचास, आणि मी — आता सांगूनच टाकते — तू यायच्या दिवशी सकाळी ते काढून ठेवायचे. तू गेलास की नवीन लावायचे. कारण तू रागावशील हे मला ठाऊक होतं. म्हणजे मला सगळंच ठाऊक होतं. नकळत झालं असं म्हणायलाही जागा नाही.

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी ती आजी होती, कवळी बसवायला आलेली. दुपारचे दोन, मी आवरत होते, त्या शेवटच्याच. टाकीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'अहो बाई, हे मासे सगळे वर येऊन तोंड उघडून बसलेत.' आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, 'आजी, इथे सगळे तोंड उघडूनच बसतात.' हसलो आम्ही. खूप हसलो. आजींची नवी कवळी सैल झाली हसून, डॉक्टरांनी पुन्हा घासून दिली. आणि मी दिवे घालवले, पंखे बंद केले, नळ तपासला — मी नेहमी तपासते — आणि कुलूप लावलं. टाकीला हात लावला असता तर काच गरम लागली असती. दवाखान्यातलं प्रत्येक कपाट, प्रत्येक खिडकी ओढून बघितली मी. काचेला हात नाही लावला. मासे गुदमरत होते रे, छोट्या, तापलेल्या पाण्यात हवा राहत नाही, आता मी हे वकिलांना समजावून सांगते — आणि तेव्हा मी विनोद केला. मध्ये अख्खा रविवार.

सोमवारी पहिली मीच आले. दार उघडल्यावर वास. काचेवर वाफ. आणि दात हसतोय. आता हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुझ्या भावोजींना नाही, कोणालाच नाही. मी आधी काय केलं असेल? कोणीही काय करील? प्लग ओढेल. मी प्लग नाही ओढला. मी आधी स्टिकर काढलं. पाणी तसंच तापत होतं, तो काळा कोपऱ्यात कल्ले हलवत होता, आणि मी नखाने स्टिकर खरवडत होते. मग प्लग. मग डॉक्टरांना फोन. मग तुला. तू धावत आलास, शर्टाची बटणं खालीवर लावलेली. डॉक्टर ओरडले. तू टाकीपाशी गेलास, उभा राहिलास जरा, काचेवर हात ठेवलास, आणि म्हणालास — जुना झाला होता, माझंच चुकलं. आणि मी या टेबलाशी उभी. तोंडात गुळणी धरून. तेव्हा सोळा वर्षांची नोकरी, भावोजींचं घरी बसणं नुकतंच सुरू झालेलं, मुलीचं शेवटचं वर्ष. मी म्हटलं, आज नको, उद्या सांगू, डॉक्टर जरा शांत होऊ देत. ते चार दिवसांत शांत झाले. मीच नाही झाले. एकदा गप्प बसलं ना, की दुसऱ्या दिवशी बोलणं दुप्पट अवघड होतं. मग तुझ्याकडे यायचंही टाळायला लागले. आणि वर लोकांना सांगते, भाऊ फार तुटक वागतो.

काय? काय म्हणतोस? बोलू नको म्हटलं ना. हाताने सांग. अंगठा? अंगठ्याला काय झालं? काचेवर काय घासतोयस — तिथे काही नाही, ती काच मी रोज पुसते...

थांब. त्या कोपऱ्यात.

गोंद.

गोंद राहिला होता. मी नखाने स्टिकर काढलं, कागद निघाला, गोंद राहिला. दाताच्या आकाराचा. हो ना? आणि तू काचेवर हात ठेवलास... हात ठेवला नव्हतास. पुसत होतास. डॉक्टर तुझ्या मागे उभे राहून ओरडत होते, आणि तू अंगठ्याने तो गोंद पुसत होतास.

म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं. हीटर जुना म्हणालास तो... तो एवढ्यासाठी.

अरे गाढवा. अरे मूर्खा, तीन वर्षं! सात टाक्या गेल्या तुझ्या! लोकांच्या ओट्याखाली वाकून नळाला पाइप जोडत फिरलास, आणि एक शब्द — बायकोला तरी सांगितलंस? मान हलव. नाही? नाहीच सांगितलंस. म्हणून ती अजून माझ्याशी इतकी गोड बोलते, आणि मला वाटायचं किती मनाचा मोठेपणा. आणि मी तुला पडखाऊ म्हणाले. हसू नकोस! वाकडं होतंय तोंड तुझं, अर्ध्याच बाजूने हसतोयस, आणि लाळ गळतेय, पूस ती. आण इकडे, मी पुसते. आईसारखं नाक नको मुरडूस.

नाही, मी रडत नाहीये. एकोणीस वर्षं या टेबलाशी बसून लोकांना सांगतेय, काही दुखत नाही, नुसतं दाबल्यासारखं वाटेल.

ऐक. खुर्ची वर झाल्याचा आवाज आला, त्या बाई उठल्या. आता तुला हाक मारतील. माझा विचार होता, आधी तुझी दाढ निघू दे, मग बघू, कारण डॉक्टरांच्या हातात चिमटा आणि चिमट्यात तुझा दात असताना असलं काही सांगणं बरं नाही. बघ, किती समजूतदार विचार! तीन वर्षं असेच समजूतदार विचार करतेय मी. दाढ झाली की टाके, टाके झाले की औषधं, मग संध्याकाळ, आणि डॉक्टरीणबाईंना कोणाचं तरी नाव गेलेलं असेल.

या बाई, झालं? दोन तास काही खाऊ नका, पुढची तारीख मी फोन करून सांगते. हो, हो, या.

तू उठू नकोस. खाली बस. तुला नाही बोलावलं, मला — नाही, मलाही नाही बोलावलं, मी जातेय. हात सोड. माझा हात सोड, छोट्या, मान हलवू नकोस तशी, तुझं या वेळी मी ऐकणार नाही. भूल अजून तासभर उतरत नाही, दाढ कुठे पळून जात नाही. नोकरी काय, काढलं तर काढलं, हीटर तपासत फिरेन इमारतभर, तुझ्या हाताखाली. बस इथेच. आणि तोवर दिवा बघ, तो डावीकडचा. लागला, की विझला पाहिजे. नाही विझला तर हाक मार मला — बोबडी तर बोबडी, पण मार.